टर्कीला घातलेली साद

इथला, दक्षिण गोलार्धातला वसंत आश्विनात येतो, आणि इतकी वर्षं झाली तरी मला त्याची सवय झालेली नाही. घटस्थापनेला घटाखाली पसरायची माती परसातून आणावी, तर ती अजून हिवाळ्याची गार असते आणि नऊ दिवसांत तिच्यातून गहू धड बोटभरही वर येत नाही. झेंडू तर नसतोच. तोरणाला मी इथल्या कोव्हाईच्या झाडाची पिवळी फुलं ओवते, ती दुपारपर्यंत माना टाकतात. बाहेर कोकरं बागडत असतात, मॅग्नोलिया फुललेला असतो, शेजारची बाई "लव्हली डे" म्हणून हात हलवते, आणि मला मात्र या दिवसांत बंदुकीच्या दारूचा वास येतो. ओल्या गवताचा, गमबुटांच्या रबराचा, कढत पाण्यात बुडवलेल्या पिसांचा वास येतो. वसंत म्हटला की लोकांना काय काय सुचतं. मला मुरगळलेली मान आठवते.

आम्ही राहतो ते हॅमिल्टन सोडून राग्लानच्या रस्त्याला लागलं की टेकड्या सुरू होतात, आणि त्या टेकड्यांवर रानटी टर्क्या आहेत. कुणीतरी कधीतरी पाळायला आणल्या, त्या सुटल्या, आणि आता कुणाच्याच नाहीत. नाताळच्या चित्रातली गलेलठ्ठ टर्की वेगळी. ही काळी, उंच आणि भलतीच सावध. हिवाळाभर नर एकीकडे आणि माद्या एकीकडे चरत असतात. सप्टेंबर सरत आला की नरांचं डोकं फिरतं. पहाटे पाइनच्या झाडांवरून खाली उतरतात, शेपटीचा पंखा उघडतात, डोकं घडीत लाल करतात घडीत निळं, आणि गुळण्या केल्यासारखा आवाज काढत अख्खी टेकडी डोक्यावर घेतात. त्यांची कीव करू नका. ज्याच्या शेतावर आम्ही जायचो तो रॉस म्हणायचा की यांनी गवत घाण केलं की माझ्या गायी त्याला तोंड लावत नाहीत. "टेक हीप्स," म्हणायचा, हव्या तेवढ्या न्या. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून जायचं आणि वासरांच्या पॅडककडे, म्हणजे कुंपणातल्या कुरणाकडे, बंदूक रोखायची नाही, एवढंच त्याचं मागणं होतं.

टर्कीच्या मागे हिंडून ती मिळत नाही. तिला आपल्याकडे बोलवावं लागतं. कुंपणाकडेच्या झाडाला पाठ लावून बसायचं, चेहरा झाकायचा आणि मादीचा आवाज काढायचा. नर ऐकतो, उत्तर देतो आणि निघतो. एरवी जो माणसाचं बोट हललेलं बघून पार टेकडीपलीकडे पळतो, तोच छाती फुगवून, पंख जमिनीला घासत, थांबत, मुरडत, नटूनथटून आपल्या पायांशी येतो. मग आपण त्याला मारतो. भुकेल्याला दाणे टाकून मारणं मी समजू शकते. हे त्याहून वाईट आहे, आणि खरं सांगायचं तर सगळी मजा त्यातच आहे. ज्यांना हे वाचून कसंतरी होतं त्यांनी फ्रिजमधलं चिकन कुठून येतं तेही एकदा बघून यावं.

हा नाद मला उदयने लावला. उदय इचलकरंजीचा, मी नाशिकची. दोघंही एकाच वर्षी इथे शिकायला आलो. त्याने सुरुवातीची वर्षं किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये खोकी उचलत काढली, मग 'ते रापा' नावाच्या कारखान्यांच्या भागात यंत्रं बसवून देणाऱ्या एका कंपनीत चिकटला आणि चढत चढत टीम लीड झाला. मी एका लॅबमध्ये लागले. बंदुकीचं लायसन्स दोघांनी बरोबरच काढलं. उदय चांगला मित्र होता, अजूनही आहे. माझी गाडी बंद पडली की तो येतो, माझी मुलगी झाली तेव्हा डबा घेऊन हॉस्पिटलात आला होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्याला राक्षस समजू नये. राक्षस परवडले.

साद घालायला त्याच्याकडे एक लाकडी डबी होती. झाकणाला खडू लावून ते कडेवर घासलं की मादीचा आवाज येतो म्हणे. उदयच्या हातात ती गंजक्या बिजागरीसारखी वाजायची. मग म्हणाला, "तू बाई आहेस, तू तोंडाने काढून बघ." मी काढला. रॉसची एक गाय बसली होती, ती उठून निघून गेली. असे आमचे मोसम चालले होते. रविवारभर दवात बसायचं आणि नशीब असेल तर एखादा बहिरा नर चुकून समोरून जायचा.

दोन हजार तेराच्या वसंतात उदयने शिरीषला आणलं. शिरीष पुण्याचा. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. ऑटोमेशनचा कोर्स इथेच पुरा केला होता आणि संध्याकाळी एका डेअरीत, म्हणजे आपल्या भाषेत दूध-पाव-सिगारेटच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावर उभा राहायचा. त्याचा व्हिसा फेब्रुवारीत संपत होता. त्याआधी शिक्षणाला धरून नोकरी मिळाली तर इथे राहायचा रस्ता उघडणार होता, नाहीतर परत. परत म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी पेढे वाटून पाठवलं, त्यांच्याच दारात तीच बॅग घेऊन उभं राहायचं. उदयच्या टीममध्ये अगदी शिरीषच्या कामाची एक जागा निघाल्याचं कानावर आलं होतं. त्याने शब्द टाकला असता तर काम होण्यासारखं होतं. शिरीषने विचारलं तेव्हा उदय म्हणाला, "बघू. रविवारी ये आमच्याबरोबर."

शिरीष अंडंसुद्धा खात नव्हता. तरी आला. उसने गमबूट घालून आला, ते त्याला मोठे होते.

तो पहिला रविवार अजून माझ्या कानात आहे. उजाडत होतं, धुकं खालच्या ओढ्यावर अडकलेलं. उदय डबी घासून घासून घामाघूम झाला होता. लांबून एक खरी मादी बोलली. शिरीषने मान वाकडी करून ऐकलं.

"दादा, हिचा सूर मध्ये फुटतो," तो म्हणाला.

"काय फुटतं?"

"वर स्वच्छ लागतो आणि खाली येताना फाटतो. मी करून बघू का?"

त्याने डोळे मिटले, एक हात मांडीवर ठेवला आणि गळ्यातून ती मादी काढली. वरचा सूर स्वच्छ, मग मधोमध चिरलेला, मग खालचा खरखरीत. असे चार-पाच झटके, शेवटचे दोन जरा लाडात. समोरच्या उतारावरून नर असा गरजला की पाइनवरची मॅगपाय उडाली. तो येईपर्यंत शिरीष त्याच्याशी बोलत राहिला. नर गप्प झाला की हा थोडं रुसल्यासारखं करायचा, नर जवळ आला की आवाज बारीक करायचा. उदयने त्याला इतक्या जवळून टिपला की पिसं आमच्या अंगावर आली.

लहानपणापासून गाणं शिकत होता हे त्याने मग सांगितलं. "गुरुजींनी ऐकलं असतं तर थोबाडीत मारली असती," म्हणाला, आणि हसला. पडलेल्या पक्ष्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. उदयने त्याच्या पाठीवर थाप मारली. "साल्या, तू तर सोनं आहेस!" त्याच दमात शिरीषने विचारलं, "दादा, ते जागेचं?" उदय काडतूस काढत म्हणाला, "बघू रे. मोसम तर संपू दे."

तेव्हापासून प्रत्येक रविवारी शिरीष साद घालायचा आणि आम्ही मारायचो. वर्षानुवर्षं आम्हाला हुलकावणी देणारे नर त्याच्या गळ्याला भुलून रांगेने येऊ लागले. मी खोटं कशाला बोलू, मी त्या वसंतात फार सुखात होते. पहाटेचा थर्मासमधला चहा, आल्याचा वास, दवाने गारठलेली बोटं, उदयचे आचरट विनोद. आणि मध्ये बसलेला हा मुलगा, स्वतःच्या नोकरीसाठी दुसऱ्यांच्या प्रियकरांना बोलावणारा. उदय असंच म्हणायचा त्याला. "आमची नवरी आली," म्हणून रॉसशी ओळख करून दिली होती. रॉसला कळलं नाही, पण तोही हसला.

मग नवरात्र लागलं. शिरीषच्या घरी घट बसतो, तो नऊ दिवस उपास धरायचा. त्या रविवारी खिशात शेंगदाणे घेऊन आला होता. नर आला, उदयने बार टाकला, तो जरा खालून बसला. पक्षी पडला पण मेला नाही. गवतात उलटासुलटा होऊन पंख आपटू लागला. अशा वेळी जाऊन मान मुरगळायची असते, आणि आजवर ते काम माझं होतं. उदय बंदूक चालवतो, पण जिवंत पक्ष्याला हात लावत नाही. मी उठले तसं उदयने माझी बाही धरली.

"शिरीष, तू जा."

"दादा, नवरात्र आहे."

"मग? देवीला काय शेपू-भोपळा लागतो? आमच्याकडे बोकड कापतात." आणि मग हळू, अगदी मायेने बोलला, "अरे, आमच्या टीमला हात काळे करणारा माणूस लागतो. मला वर काहीतरी सांगता आलं पाहिजे ना तुझ्याबद्दल."

शिरीष उठला. तो पोहोचेपर्यंत एक प्रकार झाला. मी तो आधीही पाहिला होता, त्याने नव्हता पाहिला. झाडीतून त्याच कळपातले दुसरे नर धावत आले. पडलेल्याला वाचवायला नव्हे. त्याच्या डोक्यावर चोची मारायला, त्याच्या छातीवर चढून नाचायला. हिवाळाभर ज्याच्या बरोबरीने चरले, तो पडलाय एवढं दिसलं की यांना जोर चढतो. शिरीषने ओरडून त्यांना हाकललं. मग खाली बसला आणि त्याने त्या पक्ष्याची मान मुरगळली. त्याला येत नव्हतं, म्हणून वेळ लागला. किती वेळ ते पक्ष्याला ठाऊक. उदय फोनवर फोटो काढत होता आणि तो त्याने तिथल्या तिथे आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, घटस्थापना झाली. त्या ग्रुपवर शिरीषची मावसबहीण होती. दसऱ्यापर्यंत त्याची आई त्याच्याशी बोलली नाही.

आणि नवरात्र पाळण्याची आमची तऱ्हा सांगते. उदयची बायको मनीषा त्या दिवसांत घरात मांस शिरू द्यायची नाही. म्हणून मारलेल्या टर्क्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये जायच्या आणि दसऱ्याचं सोनं लुटून झालं की दुसऱ्या दिवशी बाहेर यायच्या. मारायचं नवरात्रात, खायचं दसऱ्यानंतर. पाप गॅरेजमध्ये आणि पुण्य स्वयंपाकघरात, मधल्या दाराला कुलूप. मग तांबडा रस्सा व्हायचा. टर्कीचं मांस चिवट, शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्याव्या लागतात, पण खोबरं-तिळाच्या वाटणात ते असं काही उतरतं की ताटावरून उठवत नाही. शिरीषसाठी मनीषा बटाट्याची भाजी करायची. उदय त्याच्या वाटीत रस्सा ओतायचा आणि म्हणायचा, "नुसता रस्सा तर घे, त्यात काय जीव आहे?" त्याने तोही घेतला, एकदा.

परवा मुलीला हे थोडंफार सांगत होते. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत. म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन. व्हाय डिडन्ट ही जस्ट स्टॉप?" तिच्या पासपोर्टवर कधी व्हिसाचा शिक्का संपत आला नाही. ज्याचा संपत आलेला असतो तो थांबत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी एका घरमालकिणीच्या कुत्र्याला रोज आंघोळ घालत होते, आणि कुत्रा चावायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, मोसम जवळपास संपलेला असताना, उदय एका पाहुण्याला घेऊन आला. टिम नावाचा, लालबुंद, हसऱ्या चेहऱ्याचा पोरगा. "किया ओरा," म्हणून त्याने सगळ्यांशी हात मिळवला. शिरीषने सभ्यपणाने विचारलं, उदयबरोबर काम करतोस का. "या, ऑटोमेशन," टिम म्हणाला. "स्टार्टेड इन ऑगस्ट. स्वीट ॲज टीम." झकासला इथे असंच म्हणतात.

ऑगस्ट. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात केली होती. म्हणजे शिरीषने पहिली साद घातली तेव्हाच ती जागा भरलेली होती. मी उदयकडे पाहिलं. तो बंदुकीची नळी पुसत होता. शिरीषचे कान लाल झाले, एवढंच. मग उदय म्हणाला, "चल रे, टिमला ऐकव तुझं." अगदी घरच्या कार्यात पाहुण्यांपुढे मुलाला गायला सांगावं तसं.

आणि शिरीष गायला. त्या मोसमात तो असा कधीच बोलला नव्हता. उतरणीला लागलेले, माद्यांना कंटाळलेले नर, तरी एक आला. शिरीषने त्याला कुंपणातून, ओढ्यातून, मोकळ्या गवतातून ओढत ओढत आणला. टिमने बार टाकला. पक्षी पडून तडफडायला लागला तेव्हा कुणी काही सांगायच्या आत शिरीष चालत गेला. एका झटक्यात त्याने मान मुरगळली. आता त्याला छान येत होतं. हात गवताला पुसून त्याने तो पक्षी पायांना धरून टिमच्या हातात दिला आणि म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स." टिमला वाटलं, टर्कीबद्दलच.

परतताना गाडीत मी आणि उदय दोघंच होतो. मी त्याला फाडून खाल्लं. तू त्याला सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"सांगितलं असतं तर आला असता का तो?" उदय म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं मी का चिडले. मग म्हणाला, "मी पॅकहाउसमध्ये कंबर मोडून घेतली तेव्हा मला कुणी घातलं होतं पाठीशी? आपल्याच माणसांनी मजा बघितली. तू होतीस की." मी म्हटलं, मी नव्हते, मी कुत्र्याला आंघोळ घालत होते. तो हसला. मीही हसले, आणि अजून त्या हसण्याचा मला राग येतो. या देशात गोऱ्यांनी आम्हाला फार छळलं असं मी म्हणणार नाही. ते काम आम्ही एकमेकांवर सोपवलं आहे.

शिरीषने आणखी कुठे कुठे अर्ज केले. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात एका ठिकाणी मुलाखतही झाली, त्यासाठी पार तिथपर्यंत जाऊन आला. पुढे काही कळलं नाही. इथे नाही म्हणायची पद्धत नाही, गप्प बसायची आहे. फेब्रुवारी आला. निघायच्या आदल्या दुपारी उदयने त्याला जेवायला बोलावलं. मनीषाने पुरणपोळी केली. उदयने त्याला चांगलं जॅकेट दिलं, तेही मनापासून. हात धुऊन झाल्यावर म्हणाला, "जाता जाता एक काम कर. ती साद फोनमध्ये भरून दे. पुढच्या वर्षी आमचे हाल होतील रे."

मला वाटलं आता तरी हा काहीतरी बोलेल. निदान मुद्दाम बिघडवेल. मी असते तर अशी भरून दिली असती की टर्क्याच काय, रॉससुद्धा शेत सोडून पळाला असता. शिरीष म्हणाला, "इथे पोरांचा गोंगाट आहे. गॅरेजमध्ये जाऊ." फ्रीझर घुरघुरत होता, तर त्याने त्याचं बटण बंद करायला लावलं. पहिल्यांदा घेतली आणि म्हणाला, "थांबा, खालचा बरोबर फुटला नाही." पुन्हा घेतली. मग म्हणाला, "आता रुसलेली देतो, ती वेगळी लागते." डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, परत जाणाऱ्या त्या मुलाने आमच्यासाठी एक निर्दोष मादी ठेवून दिली. मला उदयचा नाही, त्याचा राग आला. ज्याला वाईट गाता येत नाही त्याने या जगात शिकार करणाऱ्यांशी मैत्री करू नये. दुसऱ्या दिवशी तो गेला. ऑकलंडला त्याला सोडायलाही उदयच गेला होता.

पुढचा वसंत वेळेवर आला. रॉसने फाटकाशी विचारलं, "नो सिंगर दिस इयर?" उदय म्हणाला, "ही वेंट होम." आम्ही नेहमीच्या जागी बसलो. ओढ्यावर धुकं होतं. उदयने फोनला छोटा स्पीकर जोडला, तो कुंपणाच्या खांबाशी गवतात ठेवला आणि बटण दाबलं.

साद लगेच सुरू झाली नाही. आधी शिरीषने घसा साफ केला. गाणारी माणसं करतात तसं, तोंडापुढे मूठ धरून, हलकेच, संकोचाने. रेकॉर्डिंगमध्ये ते आलंय हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. उदय एकदम खाली बघू लागला. आणि मादी बोलायच्या आधीच, त्या नुसत्या खाकरण्यालाच, समोरच्या उतारावरून नराने उत्तर दिलं. भर मोसमात ते कुठल्याही अचानक आवाजाला देतात, गाडीचं दार आपटलं तरी देतात, हे मला माहीत आहे. पण इतकं तत्पर उत्तर शिरीषला या देशात दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

मग मादी बोलू लागली. नर यायला निघाला.

"तू घे," उदय कुजबुजला.

मी बंदूक खांद्याला लावली, तो पुरता जवळ येऊ दिला आणि मारला.